भर उन्हात बॅटरी का भरत नाही? एलएम ३१७ आणि खान्देशचा उन्हाळा

खान्देशात लहानसहान सौर जोडण्या करणाऱ्या हौशी मंडळींकडून एक तक्रार हमखास ऐकू येते. डिसेंबर-जानेवारीत जी बॅटरी दुपारपर्यंत भरत होती, तीच एप्रिल-मे महिन्यांत, आकाशातून आग ओतली जात असताना, संध्याकाळपर्यंतही पुरती भरत नाही. पॅनल तेच, बॅटरी तीच, तारा त्याच आणि ऊन मात्र आधीपेक्षा जास्त, तेव्हा दोष बॅटरीचाच असणार असे समजून सगळा राग बॅटरी विकणाऱ्यावर निघतो. बॅटरी कधी कधी खरोखरच म्हातारी झालेली असते. पण पुष्कळदा खरे कारण पॅनल आणि बॅटरी यांच्या मध्ये बसवलेल्या तीन पायांच्या एका चिपपाशी सापडते. चिप बिघडलेली नसते. तिला मिळणारे व्होल्टेज आणि तिच्याकडून अपेक्षित असलेले काम यांचा हिशेब कोणी मांडलेला नसतो, इतकेच. तो हिशेब कसा मांडायचा हे या लेखात पाहू.

प्रथम हे पाहिले पाहिजे की मध्ये चिप लागतेच कशाला. बाजारात ज्याला ‘बारा व्होल्टचा पॅनल’ म्हणतात तो बारा व्होल्ट देत नाही. बारा व्होल्टच्या बॅटरीसाठी योग्य, एवढाच त्या नावाचा अर्थ आहे. अशा पॅनलमध्ये साधारणपणे ३६ सौरघट एकापुढे एक जोडलेले असतात. त्याला काहीच जोडलेले नसताना मल्टिमीटरवर २१ ते २२ व्होल्ट दिसतात आणि तो सर्वाधिक शक्ती देत असतो तेव्हा १७ ते १८ व्होल्टवर असतो. उलट बारा व्होल्टच्या शिसे-आम्ल बॅटरीला, ती भरत आल्यावर, २५ अंश तापमानाला १३.५ ते १३.८ व्होल्टपेक्षा जास्त दाब सतत सोसत नाही. पॅनल सरळ जोडून ठेवला तर बॅटरी भरल्यानंतरही तो तिच्यात करंट ढकलत राहतो, आतले पाणी उडून जाते आणि पट्ट्या उघड्या पडतात. म्हणून पॅनलचे कमीजास्त होणारे व्होल्टेज एका ठरावीक आकड्यावर रोखून धरणारा कोणीतरी मध्ये हवा.

हे काम करणाऱ्या स्वस्त आणि सहज मिळणाऱ्या घटकांत एलएम ३१७ चे स्थान फार जुने आहे. अमेरिकेतील नॅशनल सेमीकंडक्टर या कंपनीत असताना बॉब डॉबकिन यांनी १९७० च्या दशकात ती रचली; ती कंपनी २०११ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने घेतली, पण चिप अजून बनते आहे आणि इतर अनेक कारखानेही ती बनवतात. सुट्या भागांच्या दुकानात नुसते ‘तीनशे सतरा’ म्हटले तरी दुकानदार योग्य पुडी काढून देतो. तिची तीन बंधने ध्यानात ठेवावीत: आउटपुट १.२५ ते ३७ व्होल्टपर्यंत हवे तेवढे ठेवता येते, करंट जास्तीत जास्त दीड अँपिअर मिळतो, आणि इनपुट व आउटपुट यांतला फरक ४० व्होल्टपेक्षा जास्त होऊन चालत नाही. चौथे बंधन माहितीपत्रकात आलेखाच्या रूपात दडलेले असते आणि खान्देशात खरी पंचाईत त्यानेच होते. त्याकडे पुढे येऊ.

चिपचे काम कसे चालते ते समजायला सोपे आहे, कारण तिला एकच गोष्ट कळते. आउटपुट आणि अ‍ॅडजस्ट या आपल्या दोन पायांमध्ये नेहमी १.२५ व्होल्टचा फरक राहिला पाहिजे, एवढेच ती पाहते. फरक कमी झाला की ती आपला दरवाजा थोडा उघडते, जास्त झाला की थोडा लोटून घेते. आता या दोन पायांमध्ये आपण २४० ओहमचा रेझिस्टर जोडला, तर त्यावर सतत १.२५ व्होल्ट राहणार, म्हणजेच त्यातून सतत सुमारे ५.२ मिलिअँपिअर करंट वाहणार. हाच करंट पुढे अ‍ॅडजस्ट पायापासून ऋण टोकापर्यंत जोडलेल्या दुसऱ्या रेझिस्टरमधून जातो. तो दुसरा रेझिस्टर २४०० ओहमचा असेल तर त्यावर साडेबारा व्होल्ट पडतात, आणि वरचे १.२५ मिळवले की आउटपुटला पावणेचौदा व्होल्ट येतात. दुसरा रेझिस्टर ७२० ओहमचा केला तर पाच व्होल्ट मिळतात. अ‍ॅडजस्ट पायातूनही साधारण ५० मायक्रोअँपिअर करंट बाहेर पडतो, त्यामुळे पहिल्या उदाहरणात आणखी ०.१२ व्होल्टची भर पडते. शिवाय १.२५ हा आकडाही प्रत्येक नगात नेमका तेवढाच नसतो, तो १.२० ते १.३० यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. म्हणून बॅटरीच्या कामासाठी दुसऱ्या रेझिस्टरच्या जागी २.२ किलोओहमचा पक्का रेझिस्टर आणि त्याच्या पुढे ५०० ओहमचा प्रिसेट (फिरवून कमीजास्त करता येणारा रेझिस्टर) जोडावा आणि शेवटचा आकडा मल्टिमीटर पाहूनच ठरवावा. या जोडीने सुमारे १२.८ ते १५.४ व्होल्टपर्यंतचा पल्ला मिळतो.

प्रिसेटविषयी थोडे थांबून सांगितले पाहिजे. धुळीने किंवा गंजाने त्याच्या फिरत्या टोकाचा स्पर्श सुटला, तर अ‍ॅडजस्ट पाय अधांतरी राहतो आणि चिप आपला दरवाजा सताड उघडते. बॅटरीवर पॅनलचे पूर्ण व्होल्टेज जाऊ लागते आणि हे कोणाच्या लक्षातही येत नाही. त्यावर उपाय एका छोट्या तारेचा आहे: प्रिसेटचे फिरते टोक त्याच्याच एका कडेच्या टोकाला जोडून टाकावे. मग स्पर्श सुटलाच तर प्रिसेट आपल्या पूर्ण ५०० ओहमवर जातो आणि व्होल्टेज थोडे वाढून थांबते. तापीकाठच्या काळ्या मातीची धूळ उन्हाळ्यात कुठे कुठे शिरते हे ज्याने पाहिले आहे, त्याला या तारेचे महत्त्व वेगळे सांगावे लागणार नाही.

जोडणी करताना आणखी दोन गोष्टींत माणसे चुकतात. चिपवरचा मजकूर आपल्याकडे आणि पाय खाली असे धरल्यास डावीकडे अ‍ॅडजस्ट, मध्ये आउटपुट आणि उजवीकडे इनपुट असते. ७८०५ सारख्या पक्क्या व्होल्टेजच्या चिपमध्ये हा क्रम इनपुट, ऋण, आउटपुट असा असतो, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसवली की धूर निघतो. दुसरे म्हणजे, चिपच्या पाठीचा धातूचा पत्रा आतून आउटपुटला जोडलेला असतो. तो सरळ लोखंडी डब्याला स्क्रूने आवळला आणि डबा कुठेतरी बॅटरीच्या ऋण टोकाला लागला, तर शॉर्ट झालेच समजा. मध्ये अभ्रकाची पट्टी, स्क्रूला प्लास्टिकची बुश आणि दोन्ही बाजूंना पांढरी हीटसिंक पेस्ट (उष्णता पुढे जाऊ देणारा लेप) हवीच.

ठिबकचा व्हॉल्व्ह

आता मूळ मुद्द्याकडे वळू. जळगाव जिल्ह्यातील केळीबागांत ठिबक सिंचन घराघरांत माहीत आहे, म्हणून तिथलाच दाखला घेतो. पंपाचा दाब जास्त आहे आणि नळ्यांना तो सोसत नाही, अशा वेळी शेतकरी मुख्य नळीवरचा व्हॉल्व्ह अर्धा लोटून घेतो. पुढे दाब कमी होतो आणि नळ्या वाचतात. पण व्हॉल्व्हच्या अलीकडे जेवढे पाणी वाहते तेवढेच पलीकडे वाहते, आणि जो जास्तीचा दाब होता तो व्हॉल्व्हच्या तोंडाशी घुसळून फुकट जातो. पंपाचे वीजबिल त्याने कमी होत नाही.

एलएम ३१७ म्हणजे असा व्हॉल्व्ह आहे. जेवढा करंट आत जातो जवळजवळ तेवढाच बाहेर येतो, आणि आतल्या-बाहेरच्या व्होल्टेजमधला फरक चिपच्या अंगात उष्णता होऊन जिरतो. फरकाला करंटने गुणले की किती वॅट उष्णता निर्माण होते ते कळते. व्होल्टेज कमी केले म्हणजे वीज वाचली, हा समज इतका पसरलेला आहे की हे वाक्य पुन्हा लिहायला हरकत नाही: ही चिप वीज वाचवत नाही, जास्तीची वीज तापवून टाकते.

आता एक हिशेब मांडू. बारा व्होल्टच्या बॅटरीवरून मोबाइल भरण्यासाठी कोणी एलएम ३१७ पाच व्होल्टवर लावली आणि फोन एक अँपिअर घेतो आहे, असे समजा. बॅटरी १२.५ व्होल्टवर असेल तर फरक साडेसात व्होल्टचा आणि उष्णता साडेसात वॅट. बॅटरीतून साडेबारा वॅट निघाले, फोनला पाच मिळाले, म्हणजे शंभरातले चाळीस कामी आले. उरलेले साठ वाया गेले एवढ्यावरही थांबत नाही, कारण ती उष्णता बाहेर काढण्याची जबाबदारी आपल्यावर येते. चिपच्या आतल्या सिलिकॉनला १२५ अंश सेल्सिअसपर्यंतच सोसते. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात सावलीतले तापमान ४५ अंशांपर्यंत जाते आणि पत्र्याच्या खोपटात ते ५० अंशांवर सहज पोहोचते. म्हणजे आपल्या हाती ७५ अंशांचीच सवलत उरते. साडेसात वॅटने भागले की प्रत्येक वॅटमागे तापमान दहा अंशांहून जास्त वाढता कामा नये, असे निघते. त्यातले सुमारे पाच अंश सिलिकॉनपासून चिपच्या पाठीपर्यंतच खर्च होतात आणि एखादा अंश अभ्रकाच्या पट्टीत. उरले चार. वॅटमागे चार अंशांची हीटसिंक म्हणजे पंख्यांसारख्या पात्या असलेला, हातात भरेल असा ॲल्युमिनियमचा ठोकळा. हाच हिशेब महाबळेश्वरला २५ अंशांवर केला तर सात अंशांची, म्हणजे बरीच लहान हीटसिंक पुरली असती. पुस्तकातले किंवा व्हिडिओतले मंडल (सर्किट) जसेच्या तसे उतरवून घेणाऱ्याला खान्देशात दगा मिळतो तो इथे. हीटसिंक नसलेली चिप वॅटमागे ५० ते ६५ अंश तापते, म्हणून आपल्याकडच्या उन्हाळ्यात एका वॅटच्या पलीकडे उघडी चिप वापरू नये, हा माझा ठोकताळा आहे.

चिप फार तापली की ती आतूनच स्वतःला बंद करते आणि निवली की पुन्हा सुरू होते. ती सहसा जळत नाही. हा गुण चांगला आहे, पण त्यामुळे दोष लपतो. फोन भरतो, थांबतो, पुन्हा भरतो, आणि माणूस चार्जरची केबल बदलत बसतो.

डोकेभर जागा

आता सुरुवातीच्या तक्रारीकडे येऊ. यावल किंवा रावेरकडच्या एखाद्या बागेत राखणीच्या झोपडीवर २० वॅटचा पॅनल, ७ अँपिअर-तासाची बॅटरी आणि मध्ये एलएम ३१७ आहे, असे धरू. रात्री बॅटरीतला करंट उलटा चिपमधून आणि तिच्या रेझिस्टरमधून झिरपू नये म्हणून चिपच्या पुढे १एन५८२२ सारखा शॉट्की डायोड लावलेला असतो, आणि लावायलाच हवा. तो सुमारे ०.४ व्होल्ट खातो. बॅटरीला हवेत १३.८. चिपला काम करता येण्यासाठी तिच्या इनपुटला आउटपुटपेक्षा किमान दोन व्होल्ट जास्त लागतात; हीच तिची ‘डोकेभर जागा’, आणि हेच ते माहितीपत्रकातले चौथे बंधन. दार पूर्ण उघडले तरी तेवढा अडथळा उरतोच. बेरीज केली तर पूर्ण करंट वाहत असताना पॅनलला १६.२ व्होल्टवर उभे राहता आले पाहिजे. साडेसतरा व्होल्टच्या पॅनलला हे सहज जमते, असे कागदावर दिसते.

पण तो साडेसतराचा आकडा, पॅनलच्या पाठीवर छापलेल्या सर्व आकड्यांप्रमाणे, घटांचे तापमान २५ अंश असतानाचा असतो. उन्हात पॅनल आपल्या भोवतालच्या हवेपेक्षा २५-३० अंशांनी तापतो, म्हणजे मे महिन्याच्या दुपारी घट ७० अंशांच्या आसपास असतात. सिलिकॉनचा प्रत्येक घट तापमानाच्या दर अंशामागे सुमारे दोन मिलिव्होल्टहून थोडे जास्त गमावतो. ३६ घटांचे मिळून दर अंशाला ०.०८ व्होल्ट, आणि ४५ अंशांच्या वाढीला साडेतीन व्होल्टहून अधिक. साडेसतराचे चौदा होतात. मोकळ्या टोकांचे साडेएकवीस अठरावर येतात. आपली गरज १६.२ ची आहे, जी या दोहोंच्या मधोमध पडते, आणि त्या भागात पॅनलचा करंट झपाट्याने घसरतो. बॅटरी सकाळी थोडी भरते, ती १३ व्होल्टच्या वर जाऊ लागली की तिच्याकडे जाणारा करंट रोडावतो, आणि ती अर्धपोटी रात्रीला सामोरी जाते. असे महिना-दोन महिने चालले की पट्ट्यांवर सल्फेटचा थर बसतो आणि मग बॅटरी खरोखरच खराब होते. हिवाळ्यात पॅनल थंड असल्याने तोच संच उत्तम चालतो. हा नियम मोठ्यांनाही चुकत नाही. साक्री तालुक्यात शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे, तिथल्या पॅनलनाही उन्हाळ्यात व्होल्टेज गमवावेच लागते, पण तिथे त्याचा हिशेब आधीच केलेला असतो.

उपाय अनेक आहेत. सर्वांत स्वस्त उपाय पॅनलपाशीच आहे: तो पत्र्याला चिकटवून न लावता वीतभर उंच उचलून लावला की खालून वारा खेळतो आणि घट काही अंशांनी निवतात. दुसरा उपाय म्हणजे कमी फरकात चालणारी चिप घेणे. एलएम १०८५ चा अ‍ॅडजस्टेबल प्रकार याच पद्धतीने, याच १.२५ व्होल्टच्या नियमाने चालतो आणि एक अँपिअरच्या आसपास त्याला सव्वा व्होल्टभर फरक पुरतो, म्हणजे पाऊण व्होल्ट हाती लागतो. मात्र १११७ ही लहान चिप याच कामासाठी कोणी सुचवली तर घेऊ नये. तिला इनपुटला १५ ते २० व्होल्टच सोसतात आणि पॅनलचे मोकळे व्होल्टेज त्याच्या वर असते. तिसरा उपाय म्हणजे या वाटेवरून एलएम ३१७ काढून तयार चार्ज कंट्रोलर बसवणे, ज्यातला मॉसफेट (स्विचसारखा चालणारा ट्रान्झिस्टर) करंटच्या वाटेत नाममात्र व्होल्टेज अडवतो. माझे मत विचाराल तर १० वॅटपर्यंतच्या पॅनलला स्वतः जोडलेली चिप ठीक आहे, २० वॅटला ती शिकण्यासाठी ठीक आहे, आणि ४० वॅटचा पॅनल दोन अँपिअरच्या पुढे जात असल्याने तिथे एलएम ३१७ चा प्रश्नच उरत नाही. तीन अँपिअरची एलएम ३५० आणि पाच अँपिअरची एलएम ३३८ या तिच्या मोठ्या बहिणी आहेत. पण त्यांनाही डोकेभर जागा तेवढीच लागते आणि उष्णता तर आणखी वाढते. दोन ३१७ शेजारी-शेजारी जोडून करंट दुप्पट करू पाहणे व्यर्थ आहे, कारण त्या भार सारखा वाटून घेत नाहीत.

जाता जाता एक गंमत. जास्त शक्ती काढून देणाऱ्या महागड्या एमपीपीटी कंट्रोलरचा फायदा पॅनलचे सर्वोत्तम व्होल्टेज बॅटरीपेक्षा जितके वर असेल तितका जास्त. खान्देशच्या मे महिन्यात ३६ घटांच्या पॅनलचे ते व्होल्टेज बॅटरीच्या अगदी जवळ उतरलेले असते, म्हणून नेमक्या कडक उन्हात त्या जादा पैशांचे मोल सर्वांत कमी मिळते.

कडबाकुट्टीचे चाक

बारा व्होल्टवरून पाच व्होल्ट काढण्याच्या कामासाठी व्हॉल्व्हऐवजी दुसरीच युक्ती लागते. हाताने फिरवायच्या कडबाकुट्टीला जड चाक असते. माणूस सतत जोर लावत नाही. थोडा वेळ ढकलतो, थोडा वेळ हात सैल सोडतो, आणि चाक आपल्या वजनामुळे एकसारखे फिरत राहते. एलएम २५९६ सारखी स्विचिंग चिप नेमके हे करते. ती इनपुट सेकंदाला दीड लाख वेळा जोडते आणि तोडते, आणि चाकाचे काम कॉइल करते. जोडलेला वेळ आणि तोडलेला वेळ यांचे प्रमाण बदलून आउटपुट ठरते. दार एकतर पूर्ण उघडे असते किंवा पूर्ण बंद; अर्धवट लोटलेले नसते, म्हणून उष्णता थोडी होते. या कामात शंभरातले पंचाऐंशी उपयोगी पडले असे धरले, तर पाच वॅटच्या फोनसाठी बॅटरीतून सहा वॅटहून कमी निघतात, म्हणजे एक अँपिअरऐवजी अर्ध्या अँपिअरच्या आत. तीच बॅटरी दुपटीहून अधिक फोन भरते. अक्राणीच्या एखाद्या पाड्यावर, जिथे एका बॅटरीवर चार घरांचे फोन अवलंबून असू शकतात, हा फरक लहान नव्हे.

हिचे तयार मॉड्यूल निळ्या पट्टीवर मिळते. त्यावर अनेक फेऱ्यांचा प्रिसेट असतो. फोन जोडण्याआधी मीटर लावून पाच व्होल्ट ठरवून घ्यावेत, कारण नवे मॉड्यूल कोणत्या आकड्यावर येईल याचा भरवसा नसतो. त्यावर तीन अँपिअर लिहिलेले असले तरी दोनच्या आत राहावे.

मग सगळीकडे स्विचिंगच का वापरू नये? कारण तिचीही एक खोड आहे आणि ती पॅनलला सरळ जोडल्यावर दिसते. स्विचिंग चिप आउटपुटची शक्ती कायम ठेवू पाहते, म्हणून इनपुटचे व्होल्टेज घसरले की ती अधिक करंट ओढते. बॅटरीला ते परवडते. पॅनलला परवडत नाही: ढग आला, व्होल्टेज थोडे उतरले, चिपने जास्त करंट मागितला, त्यामुळे व्होल्टेज आणखी उतरले, आणि क्षणात सगळे कोसळते, मॉड्यूलवरचा दिवा लुकलुकत राहतो आणि फोन भरत नाही. एलएम ३१७ कधी मागणी वाढवत नाही. जेवढे आहे तेवढ्यात ती भागवते, आणि पॅनलजवळ हा तिचा साधेपणा कामी येतो. म्हणून पॅनल ते बॅटरी या लहान वाटेवर व्हॉल्व्ह चालतो आणि बॅटरी ते फोन या वाटेवर चाक हवे.

बॅटरीचे ऋतुमान

ज्यांच्याकडे एलएम ३१७ बसवलेली आहे त्यांनी व्होल्टेज कसे ठरवावे, हेही सांगतो. बॅटरी काढून तिच्या जागी एक किलोओहमचा अर्धा वॅटचा रेझिस्टर जोडावा, पॅनल उन्हात ठेवावा आणि डायोडच्या पुढे, रेझिस्टरच्या टोकांवर, मीटर लावून प्रिसेट फिरवावा. हा रेझिस्टर विसरू नये: चिपला स्थिर राहण्यासाठी काही मिलिअँपिअरचा भार लागतो, वाईटात वाईट नगाला दहापर्यंत, आणि तो नसेल तर आकडा आपोआप वर चढलेला दिसू शकतो.

आकडा मात्र वर्षभर एकच ठेवून भागत नाही. शिसे-आम्ल बॅटरी जितकी गरम तितके तिला कमी व्होल्टेज हवे; सहा घटांच्या बॅटरीसाठी दर अंशाला सुमारे १८ मिलिव्होल्ट. २५ अंशांना १३.८ योग्य असतील तर ४५ अंशांना १३.४ च्या जवळ आणि जानेवारीच्या दहा अंशांच्या रात्रीनंतर १४ च्या थोडे वर. तापमान पाहून आपोआप बदल करणारे कंट्रोलर असतात. हातच्या मंडलात होळीनंतर एकदा आणि दिवाळीनंतर एकदा प्रिसेट फिरवला तरी पुष्कळ साधते. उन्हाळ्यात आकडा खाली आणल्याने डोकेभर जागेचा प्रश्नही थोडा सुटतो, हा वरचा लाभ.

लिथियमच्या बाबतीत मी हात आखडता घेतो. त्या घटाला ४.२ व्होल्टच्या वर अर्ध्या दशांशाचीही चूक मानवत नाही, करंटवरही बंधन लागते, आणि साधारण लिथियम-आयन घट ४५ अंशांच्या वर असताना भरू नयेत असे त्यांच्या माहितीपत्रकातच लिहिलेले असते. मे महिन्यात पत्र्याच्या डब्यातला घट ही मर्यादा सकाळी दहालाच ओलांडतो. त्यासाठी बनवलेला चार्जर आणि संरक्षक बोर्ड घ्यावा आणि बॅटरी घराच्या आत, मातीच्या भिंतीच्या गारव्याला ठेवावी. अजून एक: एलएम ३१७ जास्त भरण्यापासून वाचवते, जास्त रिकामे होण्यापासून नाही. ११ व्होल्टच्या आसपास दिव्यांची जोडणी तोडणारे वेगळे मंडल लागतेच.

या चिपचा एक उपयोग मात्र मला आवडतो आणि तो फारसा केला जात नाही. अ‍ॅडजस्ट पाय ऋण टोकाकडे न नेता, आउटपुटला लावलेल्या एका रेझिस्टरच्या पलीकडच्या टोकाला जोडला, तर चिप व्होल्टेजऐवजी करंट स्थिर ठेवते. १.२५ ला ओहमने भागले की करंट मिळतो, ३.६ ओहमला सुमारे ३५० मिलिअँपिअर, जो एका वॅटच्या एलईडीला नेमका हवा असतो. रेझिस्टर एक वॅटचा घ्यावा. इथेही डोकेभर जागा मोजावी लागते: तीन एलईडीचे ९.६, रेझिस्टरचे १.२५ आणि चिपचे दोन मिळून पावणेतेरा व्होल्टच्या वर जातात, म्हणून बारा व्होल्टच्या बॅटरीवर तीन एलईडीची माळ मंद जळते. दोनच घ्यावेत.

साक्रीच्या पठारावर ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या पाहून कोणालाही जुन्या डीसी मोटरला पाती लावण्याची हुक्की येते. त्यांना एवढेच सांगणे आहे की पॅनल मोकळा सोडला तर गप्प बसतो, पण पवनचक्की मोकळी सोडली तर पळत सुटते. रेग्युलेटरने करंट अडवला की पात्यांवरचा भार जातो, फेरे वाढतात, फेऱ्यांबरोबर व्होल्टेज वाढते आणि एका झुळकीत ४० व्होल्टची मर्यादा ओलांडून चिप मरते. वाऱ्याच्या संचात बॅटरी भरल्यावर जास्तीची वीज एखाद्या जाड तापक तारेत वळवणारा भार लागतो. करंटच्या वाटेत बसून तो अडवणारी चिप तिथे लावूच नये.

राहता राहिली डब्याची गोष्ट. डबा पॅनलच्या पाठीमागे नको, कारण ती झोपडीतली सर्वांत गरम जागा असते. तो उत्तरेच्या भिंतीवर सावलीत लावावा, हीटसिंकच्या पात्या उभ्या ठेवाव्यात म्हणजे गरम हवा वर निघून जाते, आणि खाली-वर भोके पाडून त्यांवर बारीक जाळी ताणावी. जाळी नसेल तर कुंभारीण माशी पात्यांच्या फटींत चिखलाची घरटी बांधते आणि हीटसिंक असून नसल्यासारखी होते. झाकणाच्या आतल्या बाजूला पक्क्या शाईने प्रिसेट कधी आणि किती व्होल्टवर ठेवला ते लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या होळीला मल्टिमीटर हाती घेणाऱ्याला कुठून सुरुवात करायची ते कळेल.